पुस्तकांवरचा गेरू

वाचनाचा तास म्हणलं की माझ्या कपाळाला अजून आठ्या पडतात. उभा जन्म शाळेत काढला, निवृत्त होऊनही आता काही दिवस झाले, तरी जात नाहीत. परवा नातीच्या शाळेतून सुनेच्या मोबाईलवर फोटो आले. वर 'आनंददायी वाचन' अशी पाटी, खाली भिंतीला पाठ लावून बसलेली पोरं, प्रत्येकाच्या छातीशी धरलेलं पुस्तक आणि झाडून सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडं. एकाचीही नजर पुस्तकात नाही. मी नातीला विचारलं, "काय वाचलं गं?" तर म्हणाली, "फोटो झाल्यावर मॅडमनी गोळा केली." असा जीव जळाला म्हणून सांगू! सून म्हणाली, "आई, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?" कशाला ते सांगायचं तर मला पार आमच्या वस्तीवरच्या शाळेपर्यंत मागं जावं लागतं. तिला तेवढा वेळ नव्हता, म्हणून इथं लिहिते आहे.

मी तेव्हा दहावीला गणितात नापास होऊन घरी बसले होते. बाकी सगळे विषय निघाले, गणित तेवढं राहिलं. मराठीत वर्गात पहिली होते, पण त्याचं कौतुक कुणाला? आबा, म्हणजे माझे वडील, कधी रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे पोरी. मेंढरांला गणित लागत न्हाई." ते त्यांनी समजूत काढायला म्हणलं होतं आणि मला ते चपराकीसारखं लागलं. आमची वस्ती सिरसाळ्यापासून बरीच आत. घरं सगळी मेंढरं राखणाऱ्यांची, आणि थोडीथोडी कोरडवाहू जमीन. आमचं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचं छप्पर आणि त्याच्यापुढं मेंढरांचं जाळीचं कुंपण. घरात माणसांपेक्षा मेंढरांचाच आवाज जास्त. सकाळी मोठी मेंढरं रानात निघाली की मागं राहिलेली कोकरं जो गलका करायची, त्यात मायनं मारलेली हाकसुद्धा ऐकू यायची नाही. चुलीवर ज्वारीच्या कण्या रटरटत असायच्या, छपराच्या आढ्याला लोकरीचं गाठोडं टांगलेलं, त्याचा वास सगळ्या घराला. भाकरीलाही तोच वास लागतो असं मला त्या वर्षी वाटायचं. खरं तर मला त्या वर्षी सगळ्याचाच वैताग आला होता. ताटात ठेचा वाढला तरी मी म्हणायचे, "रोज ठेचाच कावून?" आणि माय शांतपणे म्हणायची, "तू पास झाली असतीस तर बासुंदी केली असती व्हय?"

शाळा म्हणजे मारुतीच्या पाराशेजारची एक खोली. चार वर्ग आणि एकच गुरुजी. देशमाने गुरुजी सिरसाळ्याहून सायकलवर यायचे. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. मागच्या शाळेत उंदरांनी नकाशे कुरतडले, तर त्यांच्याकडून खुलासा मागवला होता म्हणे. तेव्हापासून शाळेतल्या प्रत्येक वस्तूकडं ते विंचवाकडं बघावं तसे बघायचे. एक दिवस ते आमच्या छपरात येऊन टेकले, मायनं शेळीच्या दुधाचा चहा दिला. मला म्हणाले, "शांता, रिकामीच असतेस ना? दुपारचा शेवटचा तास येऊन पहिली-दुसरीची पोरं सांभाळ. वाचनाचा तास असतो."

मी म्हणलं, "गुरुजी, मी नापास हाय."

"गणितात आहेस. अक्षरं तर येतात ना? मग झालं तर."

आता त्या तासाचं वर्णन काय करू! एका पोरानं उभं राहून ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागं ओरडायचं. ओरडता ओरडता निम्मी पोरं डुलक्या घ्यायची. धडा सगळ्यांचा पाठ. पान कुठलंही उघडा, तोंडातून तोच धडा. माझा धाकटा भाऊ बाळू दुसरीत होता. तो तर खिडकीतून मेंढरं मोजत मोजत अख्खा धडा घडाघडा म्हणायचा. एकानं लघवीला बोट वर केलं की पाठोपाठ सगळ्यांना लागायची, आणि गेलेलं पोर तास संपेस्तोवर परत यायचं नाही. मी ओरडले, छडी आपटली, गोड बोलून पाहिलं, गोष्ट सांगते म्हणून लालूच दाखवली. गोष्ट ऐकायला बसायची, पण वाचायचं म्हणलं की पुन्हा जांभया. शेजारची सखू, बाळूएवढीच, एकदा अगदी मनापासून म्हणाली, "आक्का, ह्ये आमाला येतंय की. आजून किती डाव म्हनायचं?" मी तिच्या अंगावर खेकसले. घरी येऊन मायला म्हणलं, "मी उद्यापासनं जानार न्हाई." माय म्हणाली, "नको जाऊस. आबासंगं रानात जा." म्हणून मी शाळेतच गेले.

आणि या सगळ्यात डोक्याला खरा ताप होता तो त्या हिरव्या पेटीचा. शाळेला कुठून तरी वरून पत्र्याची एक पेटी आली होती, गोष्टीच्या पुस्तकांनी भरलेली. चित्रंच चित्रं! हत्ती, म्हातारी, पतंग, नदीतली होडी. ती आली त्या दिवशी पोरांनी उघडताना पाहिली होती आणि मग गुरुजींनी डांबराच्या गोळ्या टाकून कुलूप घातलं होतं. पोरं त्या पेटीवर बसून धडा ओरडायची! खाली एवढी पुस्तकं, वर बसून तेच ते जुनं पाठांतर. मी गुरुजींच्या मागं लागले. ते म्हणायचे, "फाटलं तर?" मी म्हणायचे, "वाचलंच न्हाई तर?" त्यावर ते कपाळ पुसायचे. शेवटी त्यांनी किल्ली दिली ती माझ्या बोलण्यानं नाही. तपासणीचे साहेब सांगून गेले होते की दिवाळीनंतर पेटी बघायला येतो. पुस्तकांचा उपयोग दिसला तर पेटी इथं राहील, नाहीतर मोठ्या शाळेत हलवू. गुरुजी मला म्हणाले, "हे बघ, साहेब येतील तेव्हा पोरं वाचताना दिसली पाहिजेत आणि पुस्तकं नवीकोरी दिसली पाहिजेत." ही दोन्ही एकदम कशी दिसणार ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढं चाळीस वर्षांच्या नोकरीत मला ते कुणीच सांगितलं नाही.

पेटी उघडली. पहिल्या दिवशी नुसती झोंबाझोंबी. दोघं एका पुस्तकाला दोन्हीकडून ओढतायत, तिसरा रडतोय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी पुस्तकं हिसकून घेतली आणि एकेकाला जवळ बोलावून, हातात एकेक देऊन दम भरला, "ह्ये पुस्तक आता तुजं. कोकरू सांभाळतूस तसं सांभाळायचं. घरी न्यायचं, उद्या आनायचं. हरवलं तर बघ." गुरुजी तेव्हा चौथीला भागाकार शिकवत होते. घरी न्यायचं म्हणले हे त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ऐकलं असतं तर सायकलवरून पडले असते.

आमच्या वस्तीवर तेव्हा लोकर कातरणी आटपली होती. कातरलेली मेंढरं सगळी सारखीच दिसतात, म्हणून कातरणी झाली की घरोघरी गेरू कालवतात आणि मेंढरांना खुणा करतात. प्रत्येक घराची खूण ठरलेली. आमची पाठीवर आडवा पट्टा, सखूच्या घरची कपाळावर ठिपका, कुणाचं शेपटाकडं बोट, कुणाचा मानेभोवती फेर. खूण झाली की मेंढरू खऱ्या अर्थानं त्या घरचं झालं. तलावावर पाण्याला चार कळप एक झाले तरी भांडण होत नाही. आणि चुकून दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात आलं, तर ते ठेवून घ्यायचं नाही. धनी भेटेस्तोवर आपल्यासारखंच चारायचं, पाजायचं, आणि परत देताना कुठं चरलं, काय खाल्लं, कसं राहिलं ते सगळं सांगायचं. तसं सांगितल्याशिवाय परत देणं म्हणजे अपमान. आमच्याकडं हे पोरांना शिकवावं लागत नाही, ते बघत बघतच मोठी होतात.

दुसऱ्या दिवशी पोरं आली आणि प्रत्येकानं आपलं पुस्तक काढलं. मी बघतच राहिले. बाळूच्या पुस्तकाच्या पाठीवर गेरूचा आडवा पट्टा. सखूच्या हत्तीच्या पुस्तकावर वरच्या बाजूला मधोमध ठिपका. कुणी कोपऱ्याला बोट ओढलेलं, कुणी चारी कडांनी फेर घातलेला. "अगं आई गं!" माझ्या तोंडून निघालं. "ह्ये काय केलं रं, मुडद्यांनो?" बाळू म्हणाला, "तूच म्हनलीस की, कोकरावानी सांभाळा. खूण नगं व्हय?" मी हसू का रडू! ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर गेरू आणखी पसरला, म्हणून सोडून दिलं.

पण त्या दिवशी कुणी डुलकी घेतली नाही. तास सुरू व्हायच्या आधीच पोरांनी आपणहून पुस्तकं पारावर एकत्र टाकली, कळप पाण्याला मिसळतो तशी, आणि "हुर्र" म्हणून आपापलं ओळखून उचलायला लागली. त्या गडबडीत सखूकडं बाळूचं पुस्तक गेलं. ती द्यायला गेली तर हा गडी घेईना. म्हणतो, "आधी सांग. काय खाल्लं त्यानं तुज्याकडं?" सखू चिडली. मग तिथंच बसून तिनं ते पुस्तक उघडलं. बोट ठेवून, अडखळत, मला विचारत विचारत पार शेवटच्या पानापर्यंत गेली, आणि मग उठून त्याला सांगितलं, "तुज्या पुस्तकात म्हातारीची शेळी हाय. ती नदीत पडली. मग होडीवाल्यानं काडली. घे." बाळूनं एखाद्या म्हाताऱ्या मेंढक्यासारखी मान हलवून पुस्तक घेतलं. बस्स. त्या दिवसापासून दुसरं काही शिकवायची मला गरजच पडली नाही. पोरं मुद्दाम पुस्तकं चुकवायची. चुकलेलं पुस्तक ज्याच्याकडं जाईल त्यानं ते वाचायचं आणि धन्याला हिशेबानं सांगायचं. कुणी थापा मारल्या तर धनी लगेच पकडायचा, कारण त्यानं ते आधी वाचलेलं असायचं. लघवीला कुणी जाईना. सुट्टीची घंटा झाली तरी पारावरून उठेनात. गुरुजी दारात उभं राहून बघायचे आणि म्हणायचे, "शांता, चाललंय चांगलं, पण तो रंग..." मी म्हणायचे, "गुरुजी, वाचतायत की." आणि ते कपाळ पुसायचे. मला त्या दिवसांत भाकरीला लोकरीचा वास येईनासा झाला होता. गणिताचं पुस्तकसुद्धा मी पुन्हा काढलं.

दिवाळी झाली तशी काही घरं मेंढरं घेऊन निघाली. सखूचं घर त्यातच, दिंद्रुडच्या बाजूच्या काळ्या रानात दर साली जायचं. घोड्यावर बिऱ्हाड, वर कोंबड्यांची पाटी, आणि सखू मागून चालत, पुस्तक पोलक्यात खोचलेलं. मला लांबून ओरडून म्हणाली, "आक्का, संगं नेती गं!" नको म्हणायला हवं होतं असं पुढं मला फार जणांनी सांगितलं. मी तेव्हाही नको म्हणले नसते, आज तर मुळीच नाही.

आणि मग साहेब आले. तास शेवटचाच चालला होता. पोरांना काय आनंद! पाहुणा आला म्हणून सगळी पुस्तकं घेऊन त्यांच्याभोवती जमा. बाळूनं आपलं पुस्तक पुढं केलं, "सायब, ह्ये आमचं." साहेबांनी उचललं, उलटून बघितलं, मग बोटाला लागलेली लाल पूड बघितली.

"हे काय आहे?"

"खूण हाय, सायब."

"कोणी केलं हे?"

सगळ्या पोरांनी हात वर केले. किती अभिमानानं! साहेबांनी एकेक पुस्तक उचलून बघितलं आणि बाजूला टाकलं. "शासनाची मालमत्ता आहे ही. गुरुजी, याला तुम्ही वापर म्हणता?" गुरुजींचा चेहरा पांढराफटक. मग पेटीतली यादी आणि पुस्तकं ताडून पाहिली, तर एक कमी. "ते कुठं आहे?" बाळू मदतीला धावला, "ते सखूसंगं रानात गेलंय." झालं!

मी पुढं होऊन म्हणलं, "सायब, एकदा वाचून तरी घ्या त्यांच्याकडून. कुठलंबी पुस्तक द्या, कुणालाबी द्या."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "बाई, तुम्ही कोण? तुमची नेमणूक आहे इथं?"

मी गुरुजींकडं बघितलं. त्यांनी एक शब्द बोलावा. 'मी बोलावलंय तिला' एवढंच. गुरुजी फळ्याकडं तोंड करून फळा पुसत होते. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. त्यांचा मला इतका संताप आला होता, इतका, की पुढं मी स्वतः मुख्याध्यापक झाले, साहेबांपुढं माझीही जीभ कित्येकदा टाळ्याला चिकटली, तरी त्या पाठमोऱ्या माणसाला मी काही माफ करू शकले नाही. बोलायचं होतं त्यांनी!

साहेबांनी कुणाकडूनही काहीही वाचून घेतलं नाही. पुस्तकं पेटीत भरली, कुलूप घातलं, पेटी जीपमध्ये चढवली. म्हणाले, "जिथं पुस्तकांची कदर आहे अशा शाळेला देऊ." मी पारावर बसून राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पोरं मात्र अजिबात रडत नव्हती. जीपमागं थोडी पळाली, परत आली. बाळू माझ्याशेजारी टेकला आणि मोठ्या माणसासारखं म्हणाला, "रडती कावून आक्का? खूण हाय की त्यांच्यावर. येतील वापस." वर्गात पुन्हा तो जुना धडा सुरू झाला. पोरं ओरडत होती, पण रस्त्यावर गाडी वाजली की सगळ्यांच्या माना दाराकडं वळायच्या. हळूहळू वळायच्या थांबल्या. मी शाळेत जाणं सोडलं नाही, पण तो तास मला नकोसा झाला होता. घरी आले की मायवर चिडायचे, कोकरांवर चिडायचे, रात्रंदिवस नुसती चिडचिड.

पाऊस तोंडावर आला तेव्हा रानात गेलेली घरं परत आली. मी शाळेच्या पारावर पोरांना घेऊन बसले होते. सखू आली, उन्हानं रापलेली, केस पिंजारलेले. पोलक्यातून तिनं पुस्तक काढलं. कड झिजली होती, शिवण उसवली होती ती तिनं काळ्या लोकरीच्या धाग्यानं परत घातली होती, आणि वरचा ठिपका जुना झाला म्हणून त्यावर नवा ओढला होता. माझ्यापुढं उभी राहून तिनं रीतीप्रमाणं सगळं सांगायला सुरुवात केली. कुठं कुठं मुक्काम झाला, पुस्तक कुठं कुठं वाचलं, तिच्या आजीला हत्तीचं कुठलं पान आवडलं, उसाच्या फडावरच्या पोरांना तिनं किती डाव वाचून दाखवलं. मग पुस्तक उघडून पहिल्या पानापासून वाचायला लागली. अडखळली नाही. चित्राकडं न बघता, ओळीवर बोटसुद्धा न ठेवता वाचत गेली. बाकीची पोरं श्वास रोखून ऐकत होती. दारात गुरुजी येऊन उभे होते.

वाचून झालं तसे गुरुजी पुढं झाले आणि हात लांब केला. "आण ते इकडं. जमा करावं लागेल. कमी दाखवलंय त्यांनी."

"न्हाई गुरुजी," मी म्हणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत होते. "त्ये तिच्या घरचं हाय. खूण बघा. आनि जमा कशात करता? पेटी कुठंय?"

गुरुजींचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला, कपाळ पुसलं आणि आत निघून गेले.

पेटी म्हणल्यावर सखूनं खोलीत डोकावून बघितलं. पेटीच्या जागी भुईवर नुसता चौकोन उमटलेला होता. तिनं पोरांकडं बघितलं, एकाच्याही हातात पुस्तक नाही. बाळूनं तिला सांगितलं, सायब घेऊन गेला म्हणून. मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "पर खूण व्हती की समद्यांवर?"

"व्हती."

"मंग धनी म्हाईत असताना कोन ठिवून घेतं का, आक्का?"